ज्याची टोपी, तो वर

काकूंच्या खिडकीबाहेरच्या दोरीवर एक पिवळी लोकरी टोपी वाळत होती. वाळत होती म्हणायचं एवढंच, ती कधीच वाळून खडखडीत झाली होती, उन्हाने तिचा रंगसुद्धा उडाला होता. पण काकू काही ती काढत नव्हत्या. शेजारणींनी आधी आठवण करून दिली, "काकू, टोपी राहिलीय हो बाहेर." मग एकीने हात लांबवून स्वतःच काढून द्यायची तयारी दाखवली. त्यावर काकूंनी असे डोळे वटारले की पुन्हा त्या टोपीचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही. नवरा गेल्यापासून बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं गल्लीने ठरवून टाकलं. ठरवू देत. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार!

गल्ली त्यांना 'टोपीवाल्या काकू' म्हणायची, आणि ते नाव काही या एका टोपीवरून पडलेलं नव्हतं. वीज कंपनीच्या त्या भागातल्या झाडून सगळ्या लाइनमनच्या टोप्या काकूंच्या हातच्या होत्या. काका स्वतः लाइनमन. आयुष्य खांबावर गेलं. घरात बल्ब बदलायचा म्हटलं की मात्र "उद्या बघू" म्हणायचे, आणि काकू स्टुलावर चढायच्या.

आता टोप्यांचं प्रकरण काय ते नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

नियम अगदी साधा आहे, शेंबड्या पोरालाही कळेल असा. खांबावर चढायचं तर आधी रस्त्याकडेच्या पेटीतला दांडा खाली ओढून लाइन बंद करायची. त्या दांड्याला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात टाकून वर जायचं. दोघं चढले तर कुलपं दोन. शेवटचा माणूस खाली उतरून आपलं कुलूप काढत नाही, तोवर ब्रह्मदेव आला तरी दांडा वर जाणार नाही. झालं, एवढाच नियम.

कुलपं होती पूर्वी. हळूहळू ती गंजली, किल्ल्या हरवल्या. नवी मागितली की "वर कळवलंय", "बघतो", "पुढच्या खेपेला नक्की". सुरक्षा मंडळाचा तपासनीस दर वर्षी यायचा, पेटी उघडायचा, कुलूप नाही म्हणून दंड ठोकायचा. कंपनी तो दंड आपण चहाचे पैसे द्यावेत तशी भरायची आणि पुढच्या वर्षीपर्यंत सगळे मोकळे. कंपनीच्या साहेबांचा हिशेब सरळ होता. माणसागणिक कुलूप म्हणजे प्रत्येकाच्या उतरण्याची वाट बघणं, म्हणजे लाइन जास्त वेळ बंद, म्हणजे कंपनीचं नुकसान. त्यापेक्षा दंड परवडायचा! आणि कचेरीच्या भिंतीवर मात्र हात हातभर अक्षरांत 'सुरक्षा प्रथम'. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

मग लाइनमननी आपली युक्ती आपणच काढली. कुलूप नाही ना, नसू दे. हेल्मेटच्या आत घालायची लोकरी टोपी तर प्रत्येकाकडे आहे. वर जाताना ती काढून दांड्याला अडकवायची. दांड्यावर टोपी आहे म्हणजे माणूस वर आहे, हात लावायचा नाही. खाली आलास की आपली टोपी आपण काढ. 'ज्याची टोपी, तो वर.' नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे.

पण सगळ्यांच्या टोप्या कंपनीच्या, एकजात काळ्या. एकदा एकाने चुकून दुसऱ्याचीच टोपी काढली, गफलत होता होता राहिली. काका त्या दिवशी घरी आले ते न जेवता बसून राहिले. काकूंनी कारण काढून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी लोकर आणली. काकांना पिवळी. त्यांच्या जोडीच्या लंबूला निळी. चिमण्याला लाल, वर पांढरा पट्टा. प्रत्येकाला वेगळा रंग, आणि एकदा दिलेला रंग दुसऱ्याला नाही म्हणजे नाही. कुणी नोकरीतून निवृत्त झाला तर त्याचा रंगही त्याच्याबरोबर निवृत्त.

तेव्हापासून संध्याकाळी काकूंच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसायची. कुणाची टोपी उसवली, कुणाची उंदराने कुरतडली, कुणी नवा आला त्याचं माप घ्यायचं. नुसती निमित्तं, दुसरं काय! चहाची तल्लफ आली की यांच्या टोप्या उसवायच्या. लंबू दारातून वाकून आत यायचा तरी कपाळ आपटायचाच. त्याचं डोकं एवढं मोठं की काकू म्हणायच्या, "अरे, तुझ्या टोपीच्या लोकरीत दोन माणसांचे स्वेटर होतील." तो म्हणायचा, "वहिनी, डोकं मोठं आहे, पण आत रिकामंच आहे, घाबरू नका." मग सगळे हसायचे, काका सगळ्यात मोठ्याने. काकू वरवर चिडायच्या, "माझं घर आहे की धर्मशाळा?" आणि आत जाऊन चहात आणखी पाणी वाढवायच्या.

अशी भरलेली घरं रिकामी झाली की फार रिकामी होतात.

त्या दिवशी असं झालं. काकूंनी आदल्या दिवशी काकांची टोपी धुतली होती. ग्रीसने कडक झाली होती, वासही मारत होता. ढगाळ दिवस, जाड लोकर, टोपी काही वाळली नाही. सकाळी निघताना काकांनी हात पुढे केला, "दे ती तशीच." काकू म्हणाल्या, "ओली टोपी डोक्यावर घालून सर्दी ओढवून घ्यायचीय का? मग रात्रभर खोकाल आणि मी जागी. राहू दे की एक दिवस!" काका हसले. "बरं बाई, तुझं राज्य," म्हणाले आणि उघड्या डोक्याने गेले.

त्या दिवशी एकाच लाइनवर दोन खांबांवर काम होतं. एकावर लंबू, पुढच्या वळणावरच्या खांबावर काका. लंबूने आपली निळी टोपी दांड्याला अडकवली. काकांनी आपल्या उघड्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आज तुझ्या टोपीत मी पण." लंबू हसून चढला. त्याचं काम आधी उरकलं. तो उतरला, वारा बोचरा होता, कान गार पडले होते. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप दांड्याकडे गेला. टोपी काढली, डोक्यावर ओढली आणि गाडीतून काहीतरी आणायला गेला. चिमण्या पेटीपाशी होता. त्याने बघितलं, दांडा मोकळा. त्यावर कुणाची टोपी नाही, म्हणजे वर कुणी नाही. बिचाऱ्याने दांडा वर केला.

पुढचं सांगण्यासारखं नाही.

सगळे आले, सगळ्यांनी खांदा दिला, सगळे रडले. मग एकेक करून यायचे थांबले. चिमण्याने नोकरी सोडली आणि कुठेतरी लांब निघून गेला. लंबू तर काकू समोरून येताना दिसल्या की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. काकूंनी त्याला कधी दोष दिला नव्हता. पण दोष देत नाही हे त्याला सांगितलंही नव्हतं. कारण सांगायला गेलं तर पुढचं वाक्य काय येणार हे त्यांना ठाऊक होतं. बाकीच्यांना वाटत होतं, काका टोपी घरी विसरले. खरं काय ते एकट्या काकूंना माहीत होतं आणि ते त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. पोटच्या मुलीलाही नाही.

एकटेपणाची एक गंमत असते. गंमत कसली, जीवघेणी गोष्ट असते! घरात आवाज होत नाहीत. दूध उतू गेलं तर "अगं, दूध!" असं ओरडायला कुणी नाही. काकू ओट्यापाशी उभ्या राहून दुधाकडे बघत राहायच्या आणि ते डोळ्यांदेखत उतू जायचं. चहा दोन कपांचा टाकायची सवय मोडता मोडेना. एक प्यायच्या, एक गार झाला की मोरीत ओतायच्या. बाथरूमचा बल्ब गेला. स्टूल होतं, बल्ब होता, पण बदलावासा वाटेना. "उद्या बघू," काकू मोठ्याने म्हणाल्या आणि आपण कुणासारखं बोललो ते लक्षात येऊन तिथेच अंधारात बसल्या. विणायच्या सुया डब्यात पडून होत्या. दार वाजलं तर वर्तमानपत्रवाला असायचा, नाहीतर चुकून आलेलं कुणीतरी. चुकून आलेल्या माणसालाही काकू "पाणी देऊ का?" विचारायच्या, आणि तो नको म्हणून निघाला की त्यांना उगाचच वाईट वाटायचं.

मुलगी लांबच्या गावी, नोकरी आणि लेकरं यांच्यात पिचलेली. ती सुट्टीच्या दिवशी फोन करायची. एका सुट्टीला ती नेहमीसारखं "जेवलीस का" न विचारता एकदम म्हणाली, "आई, सुरक्षा मंडळ सुनावणी घेतंय. नियम मोडणाऱ्या कंपन्यांचा दंड वाढवायचा की नाही, यावर. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांनाही बोलता येणार आहे. तू जा."

"मी काय बोलणार?"

"जे झालं ते बोल. बाबा गेले आणि कंपनीने दंडाची चिल्लर टाकली, संपलं! कुलपं अजून आलेली नाहीत, माहितीय तुला? अजून टोप्याच अडकवतायत ते."

काकूंना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्याच हातच्या टोप्या, अजून त्याच दांड्यांवर! "बघते," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बातमीला पाय असतात. दोन दिवस गेले नाहीत तोच कंपनीचे साहेब फळांची टोपली घेऊन हजर. काका होते तोवर कधी उंबरा चढले नव्हते, आता खुर्ची ओढून ऐसपैस बसले. तोंडात साखर पेरलेली. "वहिनी, तुम्ही सुनावणीला येणार असं कानावर आलं. या की, तुमचा हक्कच आहे. पण काय आहे, तिथे वकील असतात. ते उकरून उकरून विचारतात. दादांची टोपी त्या दिवशी दांड्यावर का नव्हती, असं विचारलं तर? तुम्हाला त्रास. दादांच्या नावाला बट्टा. झाकली मूठ सव्वा लाखाची, मी म्हणतो."

साहेबाला खरं काही माहीत नव्हतं. त्याने नुसता अंधारात दगड मारला होता, पण तो बरोब्बर लागला. काकूंनी हात पदराखाली घेतले. साहेब गेल्यावर त्यांनी फळं शेजारच्या मुलांना वाटून टाकली, एकही घरात ठेवलं नाही, आणि खिडकीपाशी येऊन दोरीवरच्या टोपीकडे बघत बसल्या.

अडचण काय होती ते बघा. तिथे जाऊन बोलायचं तर टोपीचं सांगावं लागणार, आणि मुलीला कळणार की आईने बाबांना टोपी दिली नाही. न बोलायचं तर कंपनी म्हणणार, माणूस निष्काळजी होता, विसरला आणि मेला. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी काकूंनी ठरवलं, जायचं, मागच्या खुर्चीवर बसायचं, तोंड उघडायचं नाही. नुसतं जाऊन बसलं तरी मुलीला बरं वाटेल.

सुनावणीचं सभागृह म्हणजे लांबलचक खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि हात लावला की किंचाळणारा माइक. मंडळाच्या अध्यक्षबाईंना सणसणीत सर्दी झालेली. दर दोन वाक्यांनी नाक शिंकरत होत्या, आणि चेहरा असा की कधी एकदा हे आटपतंय. मागच्या रांगेत काही लाइनमन बसले होते. लंबूही होता, गुडघे पोटाशी घेऊन, उघड्या डोक्याने. काकूंकडे त्याने बघितलं नाही.

कंपनीचे वकील बोलायला उठले. गोड आवाज, इस्त्रीचे कपडे. म्हणाले, दंड वाढवून काय साधणार? अपघात दंडाने होत नाहीत, माणसाच्या चुकीने होतात. उदाहरणादाखल हीच घटना घ्या. टोपी अडकवायची पद्धत कामगारांनी स्वतःच काढली, आणि स्वतःच मोडली. यात कंपनीचा काय दोष? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मग त्यांनी लंबूला उभं केलं.

"त्या दिवशी मृत कामगाराने आपली टोपी दांड्यावर अडकवली होती का?"

"नाही."

"का नाही?"

लंबू खाली बघत राहिला. एवढा मोठा माणूस, पण आवाज पार खोल गेलेला. "विसरले असतील," तो म्हणाला.

ते काकूंनी ऐकलं. विसरले? जो माणूस घरातून निघताना गॅस बंद आहे का ते दोनदा बघायचा, जो मुलीच्या बसचा नंबर पाठ करून ठेवायचा, तो विसरला? असं लिहून ठेवणार हे लोक, कायमचं? काकू उठल्या कधी, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"विसरले नाहीत ते!"

सगळ्या माना वळल्या. कुणीतरी माइक आणायला धावला. काकूंना माइकची गरज नव्हती.

"मागितली होती त्यांनी माझ्याकडे. हात पुढे करून मागितली. मी धुतली होती, वाळली नव्हती. ओली घालू नका म्हणाले मी. सर्दी होईल, असंही मीच म्हणाले. मी दिली नाही. त्यांची चूक नाही. माझी आहे. लिहा तिथे, माझी आहे म्हणून." आणि मग काकूंना रडू आवरेना. इतके महिने डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते सगळं त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीची पाठ धरून आलं.

वकिलांनी हळूच घसा खाकरला. "बाईंच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पण यावरून हेच दिसतं की कारण घरगुती आहे. टोपी धुवायला टाकली होती, त्यामुळे..."

"थांबा," अध्यक्षबाई म्हणाल्या. रुमालाने नाक पुसलं. आता त्यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा गेला होता. "वकीलसाहेब, कुलूप कधी धुवायला टाकतात का हो?"

मागे कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. वकिलांनी उगाच कागद खालीवर केले.

काकूंनी ते ऐकलं, पण पहिल्यांदा डोक्यात शिरलंच नाही. मग हळूहळू शिरलं. कुलूप ओलं झालं म्हणून कुणी घरी ठेवत नाही. कान गार पडले म्हणून कुणी कुलूप काढून डोक्यावर घालत नाही. दांड्यावर कुलूप असायला हवं होतं, त्यांच्या विणकामाने ते काम करायलाच नको होतं. इतके महिने त्या ज्या गोष्टीसाठी स्वतःला खात होत्या, ती मुळात टोपीची गोष्टच नव्हती. त्या खाली बसल्या.

लंबू अजून उभाच होता. तो काकूंकडे बघत होता, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. "वहिनी," तो म्हणाला, "मला वाटत होतं फक्त माझंच..." आणि तो दाराबाहेर निघून गेला.

घरी येऊन काकूंनी स्वतःच मुलीला फोन लावला. सुट्टीचा दिवस नव्हता, ती घाबरूनच "काय झालं?" म्हणाली. काकूंनी सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"आई," मुलगी म्हणाली, "हे तू एकटीने उराशी धरून बसलीस? आणि ओली दिली असतीस ना, तर बाबांना सर्दी झाली म्हणून मीच तुझ्याशी भांडले असते." मग दोघी फोनवर रडल्या. मग मुलगी म्हणाली, "जेवलीस का?"

मंडळाचा निर्णय झाला. दंड वाढला, आणि साधासुधा नाही. आता कुलूप नसलेल्या प्रत्येक दिवसाचा, वर चढलेल्या प्रत्येक माणसामागे वेगळा. साहेबांचा हिशेब एका झटक्यात उलटा झाला. आणि काय चमत्कार! इतकी वर्षं "वर कळवलेली" कुलपं आठवड्याच्या आत आली. लाल रंगाची, चकचकीत, एकेका माणसाच्या नावाची. बैल गेला नि झोपा केला. काकू बाजारातून येताना एका पेटीपाशी थांबल्या, तेव्हा दांड्याला दोन लाल कुलपं लटकत होती आणि वर खांबावर दोघे जण होते. काकूंना बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याहून जास्त संताप आला. एवढंच होतं होय? एवढंसं करायचं होतं, आणि त्यासाठी माझा माणूस जावा लागला? भर रस्त्यात त्या स्वतःशीच बोलल्या, "मेल्यांनो, एवढंच होतं!" जाणाऱ्या-येणाऱ्यांनी बघितलं. बघू देत.

आणि मग घरी आल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली. आता टोप्या लागणार नव्हत्या. रंग लागणार नव्हते. उसवलं, कुरतडलं, माप घ्या, असलं कुठलंच निमित्त उरलं नव्हतं. मनातून कुठेतरी त्यांना वाटत होतं की टोप्या जुन्या होतील, आज ना उद्या कुणीतरी येईलच. आता कुणी कशाला येईल? जे व्हायला हवं होतं तेच झालं होतं, आणि त्याने दार आणखी घट्ट बंद झालं होतं. त्या संध्याकाळी काकूंनी चहा एकाच कपाचा टाकला. सवय मोडायलाच हवी, म्हणाल्या.

थंडीचे दिवस आले. एका दुपारी दार वाजलं. काकूंनी उघडलं तर समोर छाती दिसली. मान वर केली तेव्हा लंबूचं तोंड दिसलं. तो वाकून आत आला आणि नेहमीसारखं कपाळ चौकटीवर आपटलं.

"लागलं का रे?"

"सवय मोडली होती, वहिनी."

तो बसला. त्याचे कान थंडीने लालबुंद झाले होते. त्या दिवसानंतर निळी टोपी त्याने डोक्यावर घातली नव्हती, हे काकूंनी ओळखलं. त्याची नजर खिडकीकडे गेली आणि तिथेच थांबली.

"ही तीच?"

"तीच."

"वाळली की आता," लंबू हळू आवाजात म्हणाला.

"वाळली," काकू म्हणाल्या. त्यांनी खिडकी उघडली, चिमटा काढला आणि टोपी आत घेतली. हातात घेऊन झटकली, घडी केली आणि विणकामाच्या डब्याशेजारी ठेवली. मग आत जाऊन चहा टाकला, दोन कपांचा.

कप अर्धा झाल्यावर लंबू चाचरत म्हणाला, "वहिनी, एक टोपी हवी होती."

"कशाला? कुलपं आली ना आता?"

"अडकवायला नको. घालायला हवीय. फार थंडी आहे हो वर."

काकूंनी सवयीने विचारलं, "कुठला रंग?" आणि विचारल्यावर लक्षात आलं की आता त्याने काही फरक पडत नाही.

"कुठलाही चालेल."

काकूंनी डबा उघडला. निळी लोकर संपली होती, लाल थोडीशीच उरली होती. तळाशी एक मोठा गुंडा होता, पिवळा.

"हा आहे."

"पिवळा? तो तर दादांचा."

"हो," काकू म्हणाल्या. "घालशील?"

लंबूने नुसतं आपलं मोठं डोकं त्यांच्यापुढे खाली केलं. काकूंनी टेप घेतला आणि माप घेतलं. माप त्यांना पाठ होतं. तरी त्यांनी ते दोनदा घेतलं.